मणिकट्टु माणिकराव

माणिकराव पेशकारांना माणसाचा चेहरा लक्षात राहत नसे, मनगट राहत असे. मी नोकरीवर रुजू व्हायला गेले त्या दिवशी त्यांनी माझ्या नेमणुकीच्या कागदाकडे पाहिलं नाही आणि माझ्याकडे तर नाहीच नाही. टेबलाच्या कडेला टेकलेल्या माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बारीक आहेत, पण टिकतील. बांगड्या मात्र फार झाल्या."

मला असा राग आला! वीस वर्षांची होते. आमच्या घरातून सरकारी कचेरीत टायपिस्ट म्हणून लागलेली पहिली मुलगी होते. आणि हा शेरवानीतला म्हातारा पहिल्याच दिवशी माझ्या बांगड्या मोजत बसला होता. (तेव्हा पन्नाशीचा माणूस मला म्हातारा वाटे. आता तसं म्हणायची सोय राहिली नाही.) बाईमाणसाला बांगड्या काढा असं सांगायचं नसतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. म्हणून त्यांनी घसा खाकरला आणि मोठ्या अदबीनं म्हणाले, "कामाच्या वेळात त्यांना जरा कोपराकडे रवाना करत जा. संध्याकाळी परत बोलवा."

तेव्हाचं हैदराबाद म्हणजे मोडायला काढलेलं घर होतं. राज्यांची पुनर्रचना झाली होती. जुन्या हैदराबाद राज्याचे तीन वाटे पडले होते. तेलुगू मुलूख इथंच राहिला, मराठी जिल्हे मुंबईकडे गेले आणि कानडी जिल्हे म्हैसूरकडे. राज्य वाटायचं म्हणजे नकाशावर रेघ ओढायची, अशी माझी समजूत होती. कचेरीत गेल्यावर कळलं की राज्य टाइप करावं लागतं. कोणत्या जिल्ह्यात किती शाळा, शाळेत किती कपाटं, किती मास्तर, मास्तरांची रजा किती शिल्लक, या सगळ्याच्या याद्या, आणि प्रत्येक यादीच्या सहा प्रती. सहा कागद आणि मध्ये पाच कार्बन असा जाड थर मशीनमध्ये घालायचा. सहावी प्रत वाचता यावी म्हणून एकेक अक्षर ठोकून काढायचं. मशीन जुनी आणि बटणं घट्ट. प्रत्येक ओळ संपली की डाव्या हातानं कॅरेज ढकलायचं, दिवसातून हजारदा.

चार महिन्यांत माझे हात कामातून गेले. सकाळी उठलं की मनगटं भरून आलेली असत. ओलं लुगडं पिळता येत नसे. वेणी आई घालून देई आणि देताना म्हणे, "नोकरी करतेस की दळण दळतेस गं?"

माणिकराव आमच्या टायपिंग सेक्शनचे मुख्य होते आणि त्यांना स्वतःला टाइप करता येत नव्हतं. हे ऐकून नवा माणूस हसे. पण त्यात त्यांचा दोष नव्हता. त्यांचं घराणं पाच-सहा पिढ्या हैदराबादेत सरकारी नोकरीत मुरलेलं होतं. जुनी सरकारी भाषा उर्दू, आणि माणिकरावांचं उर्दू अक्षर अख्ख्या खात्यात नावाजलेलं. तीस वर्षं त्यांनी कलम चालवली. मग कारभार इंग्रजीत गेला, कलम गेली आणि मशीन आली. या गुणी माणसाचं काय करावं ते कोणाला कळेना, म्हणून त्याला बारा टायपिस्टांवर नेमून टाकलं. माणिकरावांना मशीनमधलं ओ की ठो कळत नव्हतं. मनगटातलं मात्र सगळं कळत होतं.

"हात कसा धरलाय पाहा," असं म्हणत ते खुर्च्यांमधून फिरत. "मनगट खाली लोंबलंय. कोपरापासून बोटापर्यंत सरळ रस्ता पाहिजे, बाई. मध्ये खड्डा कशाला?" बटणावर बोट आपटायचं नाही, टाकायचं. टेबलाच्या कडेवर मनगट टेकवायचं नाही. दुखायला लागलं की दाबून काम करायचं नाही, लगेच सांगायचं. सांगायला लाजणाऱ्यावर ते चिडत. "दुखणं लपवलं की ते खामखा मोठं होतं" हे वाक्य मी त्यांच्या तोंडून पन्नासदा तरी ऐकलं असेल.

आमच्यात रंगम्मा नावाची तेलुगू टायपिस्ट होती, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी आणि जिभेला काडीचा लगाम नसलेली. तेलुगूत मनगटाला मणिकट्टु म्हणतात. तिनं यांचं नाव ठेवलं, मणिकट्टु माणिकराव. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. माणिकराव उलट खूश झाले. "मनगट आणि मणिकट्टु! म्हणजे मराठी-तेलुगू दोघांचं एकाच ठिकाणी दुखतंय की," असं म्हणत दिवसभर ज्याला त्याला सांगत फिरले.

आमची टेबलं उंच होती आणि खुर्च्या बुटक्या. त्यामुळे हात वर चढत आणि मनगटं वाकत. खुर्च्या बदलून मिळाव्यात म्हणून माणिकरावांनी तीन अर्ज केले. राज्य मोडत असताना खुर्च्यांकडे कोण बघतो? मग त्यांनी रेकॉर्डच्या खोलीतून बस्ते आणवले. बस्ते म्हणजे लाल फडक्यात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे. प्रत्येकाची उंची बघून एक किंवा दोन बस्ते खुर्चीवर ठेवले आणि आम्हाला त्यावर बसवलं. आठ दिवसांत निम्म्या लोकांचं दुखणं उतरलं.

पुढे कागदांची वाटणी करणारे लोक आले आणि मराठवाड्याकडे पाठवायचा एक बस्ता सापडेना. तीन दिवस शोधाशोध चालली. एका शिपायावर आळ येऊ लागला. चौथ्या दिवशी माणिकराव टेबलाशी हळूच आले आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाले, "कुमुदबाई, जरा उभ्या राहता का? तुम्ही जिंतूर तालुक्यावर बसलाय."

जिंतूर गेलं. दहा मिनिटांनी ते दुसरा बस्ता घेऊन आले आणि स्वतःच्या हातानं खुर्चीवर ठेवून म्हणाले, "हा नलगोंड्याचा आहे, इथंच राहणार. आता निश्चिंत बसा."

पण त्यांची खरी कमाल म्हणजे सात सलाम. दर अर्ध्या तासानं ते शेरवानीच्या खिशातलं घड्याळ काढत आणि टेबलावर पट्टी आपटत. "मशीन बंद. सात सलाम!" हैदराबादेत आदाब करायची पद्धत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली असते. तळवा आपल्या तोंडाकडे, बोटं कपाळाशी आणि मान किंचित झुकलेली. माणिकरावांनी त्यातूनच हाताचा व्यायाम बसवला होता. हात सैल सोडायचा, हळूहळू कपाळाकडे न्यायचा, मनगट आपल्या वजनानं झुलू द्यायचं आणि पुन्हा खाली. असं सात वेळा. मग हात लोंबते सोडून पाणी झटकल्यासारखे झटकायचे, बोटं पसरायची, मिटायची. "जोर नक्को. जोर लावला की तो सलाम राहत नाही, कुस्ती होते." अगोदर उजव्या हातानं, मग डाव्या. डाव्या हातानं आदाब करणं म्हणजे समोरच्याचा चक्क अपमान. शहरात लहान पोरालाही हे ठाऊक असतं. माणिकरावांना त्याचा फार संकोच वाटे. पण कॅरेज डाव्या हातानं ढकलायचं तर दुखणार डावाच. म्हणून ते आधी छताकडे बघून पुटपुटत, "माफ करा," आणि मग म्हणत, "चला, डावा."

एके दिवशी आमचं डाव्या हाताचं चालू असताना दार उघडलं आणि नवे साहेब आत आले. सुब्बाराव त्यांचं नाव. नवं राज्य झाल्यावर आंध्राकडून इथं आले होते आणि सेक्शन बघायची त्यांची ती पहिलीच वेळ. त्यांनी पाहिलं ते असं : बारा माणसं जागच्या जागी बसून, डावा हात कपाळाला लावून, त्यांच्याकडे तोंड करून झुकताहेत, आणि समोर एक शेरवानीवाला बँडमास्तरासारखा हात हलवतोय. मध्येच थांबायचं नाही अशी आम्हाला ताकीद होती. आम्ही थांबलो नाही. तीन सलाम राहिले होते, ते साहेबांना मिळाले.

साहेब आल्या पावली परत गेले. त्यांना आधी वाटलं, निजामाच्या वेळची ही खुशामतीची रीत असेल. पण कोणीतरी त्यांच्या कानात सांगितलं की डाव्या हाताचा सलाम ही थट्टा असते. दुपारी माणिकरावांच्या नावानं मेमो निघाला. हाताखालच्या लोकांना चिथावून वरिष्ठांचा सामुदायिक उपहास केल्याबद्दल खुलासा मागितला होता. मेमो टाइप करायला आला माझ्याकडे. सहा प्रती.

मी रडकुंडीला आले. खाली मान घालून टाइप करत होते. निम्मा मेमो झाला असेल, तेवढ्यात पट्टी वाजली. माणिकराव माझ्यामागे उभे. त्यांनी कागदावरचं आपलं नाव वाचलं असणारच. म्हणाले, "अर्धा तास झाला. हात काढा. बाकीचं पाच मिनिटांनी लिहा, कुठं पळून जातंय?"

खुलासा द्यायला ते मला बरोबर घेऊन गेले. त्यांची इंग्रजी चार वाक्यांनंतर दमायची, म्हणून मी. पण माझी गरज लागली नाही. साहेबांसमोर उभे राहून माणिकरावांनी त्यांच्या नेहमीच्या उर्दूत सांगितलं, "हुजूर, ये सलाम नहीं है, मरहम है." मग हवेतल्या हवेत टाइप करून दाखवलं, कॅरेज ढकलून दाखवलं, मनगट धरून तोंड वाकडं करून दाखवलं. साहेब गोंधळून बघत राहिले. त्यांच्या टेबलावर सह्यांसाठी कागदांचे तीन ढीग होते आणि ऐकता ऐकता ते आपल्या अंगठ्याचं मूळ चोळत होते. माणिकरावांचं लक्ष तिकडे गेलं आणि मेमो-बिमो विसरून ते म्हणाले, "आपकी भी दुखती है! कब से?"

मेमो फायलीत गेला आणि तिथंच राहिला. महिन्याभरानं साहेबांच्या दारावरचे शिपाई युसूफमियाँ सांगत आले, "साब भी करते हैं. दरवाजा लगा के. सिर्फ सीधे हाथ से."

हे सगळं चाललं होतं तेव्हा माणिकरावांचा स्वतःचा हात गेलेला होता, आणि आमच्यापैकी कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. एवढी बारा जणं रोज त्यांच्यासमोर हात हलवत होतो, पण त्यांच्या हाताकडे एकदाही पाहिलं नाही. मला अजून त्याची शरम वाटते.

मला ते अण्णांनी सांगितलं. अण्णा म्हणजे माणिकरावांचे थोरले भाऊ. जन्मापासून बहिरे आणि म्हणून मुके. माणिकराव अंबरपेठेत राहत, आम्हीही तिथंच दोन गल्ल्या सोडून. एका रविवारी त्यांच्या बायकोनं, सरूकाकूंनी, संक्रांतीच्या तिळगुळाला बोलावलं म्हणून मी गेले होते. अण्णा कधी कोणत्या शाळेत गेले नव्हते. दोघा भावांनी लहानपणी आपापसात हातांची एक भाषा तयार केली होती. त्यात माणिकरावांचं नाव होतं तळहातावर बोटानं लिहिणं, तेही उजवीकडून डावीकडे, कारण उर्दू तशीच लिहितात. सरूकाकूंचं नाव पोळी लाटणं. मला पाहिल्यावर त्यांनी पाच मिनिटं विचार करून माझंही नाव ठेवलं. खांद्यावर वेणी टाकायची आणि मग दोन्ही हातांची बोटं नाचवायची.

ही भाषा घरापुरती राहिली नव्हती. अंबरपेठेतला भाजीवाला, पानवाला, दूधवाली, मशिदीपाशी बसणारा चांभार, सगळ्यांना ती येत होती. अण्णा रोज सकाळी बाजारात जात, भावावरून हुज्जत घालत, पानवाल्याला मारामारीच्या बातम्या विचारत आणि दुपारी घरी येऊन सगळं माणिकरावांना सांगत. मी त्यांना एकदा वांग्यांवरून भाजीवाल्याशी भांडताना पाहिलं आहे. दोघांचे हात इतके वेगानं चालले होते की बाजूची दोन गिऱ्हाइकं मागे सरकली.

त्या रविवारी माझ्या लक्षात आलं की अण्णा दोन्ही हातांनी भरभरून बोलताहेत आणि माणिकराव उत्तरं देताहेत ती फक्त डाव्या हातानं, तीही तुटक. उजवा हात शेरवानीच्या बाहीत ओढून घेतलेला. अण्णा चिडले. त्यांनी भावाच्या डाव्या हातावर चापट मारली आणि माझ्याकडे वळले. तळहातावर उलटं लिहिलं, म्हणजे माणिकराव. मग स्वतःचं उजवं मनगट घट्ट धरलं आणि सगळा चेहरा दुखल्यासारखा गोळा केला. मग ओठांवर बोट ठेवलं आणि माणिकरावांकडे दाखवून मान हलवली.

माणिकराव कानकोंडे झाले. म्हणाले, "अण्णा फार बोलतो."

मी त्यांना बाही वर करायला लावली. मनगट सुजून अंगठ्याच्या बाजूला गाठ आल्यासारखं झालं होतं. तीस वर्षं कलम चालली होती आणि तेव्हा पट्टी आपटणारं कोणी नव्हतं. "दुखणं लपवलं की काय होतं?" मी विचारलं. वयाचा आणि हुद्द्याचा मुलाहिजा न ठेवता विचारलं. ते लहान मुलासारखे हसले आणि त्यांनी बाही पुन्हा खाली ओढली.

त्याच महिन्यात याद्या लागल्या. ज्यांची मातृभाषा मराठी त्यांना मुंबई राज्यात पाठवायचं ठरलं होतं. माझं नाव औरंगाबादच्या यादीत होतं आणि मला ते चाललं. आजोळ तिथंच होतं आणि आईवडीलही यायला तयार होते. माणिकरावांचंही नाव त्याच यादीत होतं. कचेरीतल्या एकानं त्यांना आधीच सुचवलं होतं, मातृभाषेच्या रकान्यात उर्दू लिहा, तुमचं अक्षर बघून कोणी शंका घेणार नाही. माणिकराव म्हणाले, "आईनं मला मराठीत मारलंय हो. खोटं कसं लिहू?"

मराठी लिहिलं त्याचा त्यांना पस्तावा नव्हता. पण त्यांना जायचंही नव्हतं. "मला औरंगाबादेत मराठी मिळेल," ते मला म्हणाले, "अण्णाला काय मिळेल? तिथं तो कोणाशी बोलेल?" पंचावन्न वर्षांच्या माणसानं नव्या गावात पुन्हा पहिल्यापासून भाजीवाल्याला भाषा शिकवायची, पानवाल्याला शिकवायची! इथं अण्णा अख्ख्या अंबरपेठेशी बोलत होते. तिथं ते खरोखरीचे मुके झाले असते. माणिकरावांनी इथंच ठेवावं म्हणून अर्ज केला. कारण खरं तेच लिहिलं. अर्ज मीच टाइप केला आणि त्यांनी खाली सही केली.

तो अर्ज तीन आठवड्यांनी परत आला. वरच्या कचेरीतल्या कोणा चिकित्सक माणसानं शेरा मारला होता : अर्जावरची सही सर्व्हिस बुकातल्या सहीशी जुळत नाही. पंधरा दिवसांत जुळती सही करून पाठवावी, नाहीतर अर्ज बाद समजून औरंगाबादेस रवाना करावं.

सर्व्हिस बुकातली सही मी पाहिली. तीस वर्षांपूर्वीची, उर्दूतली. 'काफ' या अक्षराची लांब तिरपी रेघ एका दमात खेचलेली, कुठं थांबलेली नाही की जाडबारीक झालेली नाही. अर्जावर त्याच रेघेचे तीन तुकडे झाले होते. मनगट सैल असल्याशिवाय ती ओढताच येत नाही, असं माणिकराव म्हणाले. आता सगळं त्या एका रेघेवर येऊन ठेपलं होतं. पंधरा दिवसांत हात बरा झाला तर अण्णांना अंबरपेठ राहणार होती.

मग आमचा सेक्शन त्यांच्यावर उलटला. दुसऱ्या दिवशी ते टेबलाशी बसायच्या आत युसूफमियाँनी त्यांची दौत आणि टाक उचलून नेला. फायलींवर ते डाव्या हातानं नुसती खूण करू लागले. रंगम्मा रोज सकाळी स्टोव्हवर पाणी तापवी, त्यात मूठभर मीठ टाकी आणि मणिकट्टु माणिकरावांचा मणिकट्टु त्यात बुडवून ठेवी. ते हात काढू लागले की तेलुगूत असं काही बोले की ते मुकाट्यानं परत बुडवत. मी एक लाकडी फूटपट्टी अर्धी करून, फडक्यात गुंडाळून, तळहातापासून कोपराच्या अलीकडेपर्यंत बांधून दिली, मनगट वाकू नये म्हणून. घरी सरूकाकू तिळाचं तेल लावून एरंडाचं पान शेकून बांधत. दर अर्ध्या तासानं मी पट्टी आपटे आणि म्हणे, "माणिकराव, सोडा. हलवा. जोर नक्को." त्यांना हा जुलूम मनापासून आवडत होता.

आणि अण्णा! सरूकाकू सांगत होत्या. माणिकरावांनी घरी बोलायला उजवा हात उचलला रे उचलला, की अण्णा डोळे मिटून घेत. आपण कानात बोटं घालतो तसे. भावाचा हात खाली जाईपर्यंत उघडत नसत. पंधरा दिवस त्या घरात दोघा भावांचं बोलणं झालं नाही. अण्णा बाजारातून येऊन भिंतीकडे तोंड करून बसत, म्हणजे बोलायचा मोहच नको.

सूज उतरली. चौदाव्या दिवशी माणिकरावांनी पाण्याचा भरलेला तांब्या उजव्या हातानं उचलून आम्हाला दाखवला आणि रंगम्मानं टाळ्या वाजवल्या. मला खात्री वाटली की आता झालं.

पंधराव्या दिवशी सुब्बाराव साहेबांच्या खोलीत सर्व्हिस बुक उघडं ठेवलं होतं. नवा अर्ज घेऊन मी शेजारी उभी होते. माणिकरावांनी आधी कोऱ्या कागदावर करून बघतो म्हणून सांगितलं. पहिली रेघ मध्येच थांबली. दुसरी थरथरली. तिसऱ्या वेळी त्यांनी श्वास धरला, सावकाश, जपून ओढली आणि ती सरळ आली. पण ती पाहून मी हबकले. पहिल्या दोन सह्या निदान त्यांच्या तरी वाटत होत्या. तिसरी कोणी चोरानं बघून बघून गिरवावी तशी दिसत होती.

"दुखलं नाही," ते माझ्याकडे बघून मराठीत म्हणाले. "खरंच दुखलं नाही. पण दुखेल म्हणून हात आधीच थांबतो."

साहेबांनी तिन्ही सह्या पाहिल्या. सर्व्हिस बुक पाहिलं. मग नवा अर्ज पुढे सरकवला आणि इंग्रजीत म्हणाले, जशी येईल तशी करा. माणिकरावांनी केली. साहेबांनी कागद आपल्याकडे फिरवला, खाली दोन ओळी लिहिल्या आणि शिक्का मारला. ही सही माणिकराव पेशकार यांनी माझ्यासमोर केली आहे, मी त्यांना ओळखतो. संपलं. पाच मिनिटांचं काम. साहेबांनी ते मनापासून केलं होतं. त्यांना दुसरं काय करता आलं असतं ते मला आजही सुचत नाही.

माणिकरावांनी वाकून आभार मानले. बाहेर आल्यावर मी आनंदानं काहीतरी बडबडत होते. युसूफमियाँ चहा सांगायला धावले. माणिकराव व्हरांड्यात थांबले होते. त्यांनी फूटपट्टीचं बांधलेलं फडकं सोडलं, घडी करून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "अंगठेबहाद्दरांच्या कागदावर असं लिहितात, कुमुदबाई. तीस वर्षं मी लिहीत आलो : अमुक माणसानं माझ्यासमोर अंगठा उठवला. आता हा हात माझा आहे, असं लिहून द्यायला दुसरा माणूस लागला."

चहा त्यांनी घेतला नाही. दोन दिवस कचेरीत आले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि पट्टी आपटून म्हणाले, "मशीन बंद." सगळं पूर्वीसारखं सुरू झालं. अर्ज मंजूर झाला. अण्णांनी बाजारात पानवाल्यापासून चांभारापर्यंत सगळ्यांना पेढे वाटले. त्यांना कागदाखालच्या दोन ओळींचं काही ठाऊक नव्हतं आणि माणिकरावांनी त्यांना ते कोणत्याच हातानं सांगितलं नाही.

माझी निघायची वेळ उन्हाळ्यात आली. माझा कार्यमुक्तीचा हुकूम मीच टाइप केला, सहा प्रती, आणि सहीसाठी माणिकरावांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी उर्दू सही सोडून दिली होती. खराब झालेल्या कार्बनच्या मागे ते महिनाभर काहीतरी गिरवत असत, ते मी पाहिलं होतं. नवी सही बाळबोध होती, मराठीत : मा. पेशकार. लांब रेघ नाही, झोका नाही, शाळेतल्या पोराची असते तशी. उजव्या मनगटाला डाव्या हातानं खालून आधार देऊन त्यांनी पहिल्या प्रतीवर सही केली. शाईवर फुंकर घातली. दुसऱ्या प्रतीवर केली. मग दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, चष्मा कपाळावर सरकवला आणि एकदा या सहीकडे, एकदा त्या सहीकडे पाहिलं.

"जुळते का हो, कुमुदबाई?"

पहिल्यातला 'मा' ठेंगणा होता आणि दुसऱ्यातला लांबट. एकातला पेशकार ओळीवर होता, दुसऱ्यातला उतरणीला लागलेला. मला एवढं रडू येत होतं की नीट दिसतही नव्हतं.

"हुबेहूब," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि तिसरा कागद पुढे ओढला.